तीस ग्रॅमचा हिशोब

आमच्या धंद्यात एक म्हण पाठ असते. लवकर, चांगलं आणि स्वस्त, यातलं कुठलंही दोन मागा, तिसरं मिळणार नाही. (क्लायंटला हे कधीच पटत नाही, तो भाग वेगळा.) सायकलवाल्यांकडे हिचीच सख्खी बहीण आहे: मजबूत, हलकं, स्वस्त; दोन निवडा. कीथ बॉन्ट्रेगर नावाच्या अमेरिकन सायकल बनवणाऱ्याच्या नावावर ती खपते. फ्रेम, चाकं, हँडल यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी खरीही आहे. पण माउंटन बाइकच्या चेनला मात्र लोक ती चुकीच्या जागी लावतात असं माझं मत झालंय, आणि या वीकेंडला तेच जरा सविस्तर लिहायचं म्हणतोय.

निमित्त झालं आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचं. ऑक्टोबरात, पाऊस नुकताच संपलेला, सिंहगडाच्या पायथ्याकडच्या एका वाटेवर छोटा पण खडा चढ होता. गडी सीटवरून उठला, सगळं वजन पायडलवर टाकलं, आणि खाडकन चेन तुटली. उभं राहून पायडल मारताना चेन तुटली की काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पायाखालची पायरी अचानक गायब होते. छाती हँडलवर, हनुवटी दगडावर, पाच टाके. दात वाचले हे नशीब.

आता ही चेन होती हलकी, पोकळ पिनांची, चांगले पैसे मोजून घेतलेली. त्यामुळे गाड्या चहाच्या टपरीपाशी पोचायच्या आत निकाल लागलेला होता. "तरी म्हणत होतो, हलक्याच्या नादी लागू नका." "पोकळ पिन म्हणजे काय, आत हवाच की राव!" वगैरे वगैरे. मी ती तुटकी चेन घरी घेऊन आलो. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की आधी लॉग बघायचा आणि मग तोंड उघडायचं, ही सवय नोकरीनेच लावली आहे.

तर चेनमध्ये असतं काय? बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, रोलर आणि त्या सगळ्यांतून आरपार जाणारी पिन. एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर बरोब्बर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली रोलर चेनचं पेटंट घेतलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. बदलली ती जाडी. मागे आठ चक्रं होती तेव्हा चेन साधारण ७ मिलिमीटर रुंद असायची. आता तेवढ्याच जागेत बारा चक्रं कोंबली आहेत, म्हणून चेन सव्वापाच मिलिमीटरपर्यंत आली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हलकी चेन हलकी होते ती दोन जागी. पट्ट्यांना मधे खिडक्या पाडतात आणि पिनेला आरपार भोक. यात अॅल्युमिनियम-कार्बन असला काही प्रकार नाही, माल पोलादच. पोकळ पिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरबताची स्ट्रॉ येते, पण गणित निराळं आहे. समजा भोकाचा व्यास पिनेच्या निम्मा आहे. वजन व्यासाच्या वर्गाने जातं, म्हणजे पिनेतलं पाव पोलाद कमी झालं. वाकायला होणारा विरोध मात्र व्यासाच्या चौथ्या घाताने जातो, म्हणजे तो कमी झाला फक्त एक सोळांश, सहा टक्के. पिनेच्या गाभ्यातलं पोलाद वाकण्याच्या कामात जवळजवळ बसूनच असतं. (प्रत्येक ऑफिसात अशी माणसं असतात, असो.) कातरायला होणाऱ्या विरोधात मात्र त्या पाव भागाचा तोटा होतो, हेही खरं. पण चेन पिन कातरून तुटते का? आमच्या पुराव्याकडे वळू.

भिंगाखाली धरल्यावर दिसलं ते असं: पिन अख्खी. पोकळ, हलकी, बदनाम, आणि अख्खी! तिच्या टोकावरून बाहेरची पट्टी निसटली होती. ही निसटलेली पिन बाकीच्यांसारखी नव्हती, तिच्या टोकाची कड घासलेली, चकचकीत. मित्राला विचारलं तर कळलं, दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात चेन छोटी करून घेतली होती, आणि तिथल्या माणसाने तीच पिन अर्धी बाहेर ढकलून, कडी काढून, पुन्हा दाबून बसवली होती.

आपल्या काळ्या, जाड, बिनगिअरच्या सायकलींवर पन्नास वर्षं असंच चाललंय आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण त्या चेनची पिन पट्टीबाहेर चांगली डोकावते, पकडीला भरपूर माल असतो. अकरा-बारा गिअरच्या चेनला तेवढी ऐट परवडत नाही. तिथे पिन पट्टीशी जवळजवळ सपाट असते, म्हणून कारखान्यात पिनेचं टोक ठोकून किंचित पसरवतात, खिळ्याच्या डोक्यासारखं. ती पिन एकदा ढकलून बाहेर काढली की ते डोकं पट्टीच्या भोकातून घासत जातं आणि मोडतं. परत दाबली तर पिन बसलेली दिसते, पण तिला धरून काहीच नसतं. पुढे कधीतरी चढावर, जोर लावून, त्यातच गिअर बदलताना चेन तिरकी झाली की पट्टी उचकटते. भरीव पिनेचं, जड, स्वस्त चेनचंही हेच झालं असतं. इथे दोष वजनाचा नव्हता, जोडाचा होता. बारीक चेन जोडायची ती क्विक लिंकने किंवा कंपनीच्या नव्या जोडपिनेने. जुनी पिन कचऱ्यात.

ओढीचा हिशोबही करून पाहिला. ७० किलोचा माणूस एका पायडलवर उभा राहिला, क्रँक साडेसतरा सेंटिमीटरची आणि पुढचं चक्र ३० दात्यांचं, म्हणजे त्रिज्या सहा सेंटिमीटर. चेनवर ओढ येते तिपटीच्या जवळपास, २०० किलो. आकडा ऐकून घाम फुटतो, पण सरळ रेषेत ओढली तर याच्या दुपटीहून जास्त सहन करेल अशीच कुठलीही धड चेन बनवलेली असते. घात होतो तो आडव्या ओढीने.

बरं, मग तुटण्याचं जाऊ दे, टिकण्याचं काय? "हलकी चेन लवकर ताणते," हे दुसरं ठरलेलं वाक्य. इथे मला शब्दच खटकतो. चेन ताणत नाही. पट्ट्या रबरासारख्या लांब होत नाहीत, त्यामुळे त्यांना खिडक्या पाडल्या काय न पाडल्या काय, लांबीला फरक पडत नाही. पिन आणि आतल्या पट्टीचं वळवलेलं तोंड एकमेकांवर घासतात, दोघांची झीज होते, प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई येते, आणि शंभरेक सांध्यांची ढिलाई मिळून चेन लांब झाल्यासारखी दिसते. किती? बदलायची वेळ आली म्हणतात ती अर्ध्या टक्क्याला. म्हणजे एका सांध्यामागे सरासरी ०.०६ मिलिमीटर, केसाच्या जाडीएवढं. दीड मीटरच्या अख्ख्या चेनमध्ये मिळून साडेसात मिलिमीटर. एवढ्याशा झिजेवर तुमच्या कॅसेटचं आयुष्य ठरतं, कारण लांबलेली चेन दात्यांवर नीट बसत नाही आणि त्यांनाही आपल्या मापाचं करून घेते. मग नवीन चेन टाकली की ती घसरते, आणि कॅसेटही बदला.

तर झीज कुठे होते? पिनेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. भोक कुठे आहे? आत. दोघांचा संबंध काय? काहीच नाही!

इथे एक उदाहरण फार बोलकं आहे. स्रॅमच्या बारा गिअरच्या ईगल मालिकेत जीएक्स चेनची पिन भरीव असते, आणि त्यावरच्या एक्स-झिरो-वन आणि एक्सएक्स-वन या महागड्या, हलक्या चेनची पोकळ. ऑस्ट्रेलियात अॅडम केरिन नावाचे गृहस्थ झिरो फ्रिक्शन सायकलिंग या नावाने चेन आणि वंगणांच्या चाचण्या करतात. यंत्रावर हजारो किलोमीटर चेन फिरवायची, मधेच मुद्दाम माती आणि पाणी टाकायचं आणि झीज मोजत राहायचं, असं चिकाटीचं काम. त्यांच्या चाचण्यांत या दोन पोकळ पिनवाल्या चेन टिकाऊपणात अगदी पहिल्या रांगेत आल्या, आणि भरीव पिनेची जीएक्स बरीच मागे राहिली. कारण पोकळपणात नाही. वरच्या दोघींना झिजणाऱ्या जागी कठीण क्रोमचा थर आहे, जीएक्सला तो नाही. म्हणजे हलकी चेन जास्त टिकली, पण हलकी असल्यामुळे नाही. कोरिलेशन आणि कॉजेशन वगैरे आपण कॉलेजात शिकलो ते असं कामाला येतं :-)

याच न्यायाने उलटंही खरं. नुसत्या खिडक्या पाडलेली आणि वरून सोनेरी मुलामा दिलेली चेन टिकेलच असं नाही. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर खरोखर पोलादापेक्षा खूप कठीण असतो, पण आपल्याला दिसतो तो बाहेरच्या पट्टीवरचा, आणि बाहेरची पट्टी कुणाशी घासत नाही. विकत घेताना रंगापेक्षा पिनेवर आणि रोलरवर काय प्रक्रिया केली आहे ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर समजून जा.

आता त्या तीस ग्रॅमांकडे येतो. साधी आणि हलकी चेन यांच्या वजनात फरक पडतो साधारण २० ते ४० ग्रॅमचा, म्हणजे दोन-तीन घोट पाण्याचा. सिंहगडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले तर ३० ग्रॅम म्हणजे एकूण वजनाच्या ०.०३५ टक्के. गडावर जायला तासभर लागत असेल तर हलक्या चेनमुळे वाचतो सव्वा सेकंद. सव्वा सेकंद! वर पोचल्यावर कांदाभजी खायची की पिठलं-भाकरी, हे ठरवण्यात याच्या शेकडो पट वेळ जातो.

उलट चेन मळलेली असेल तर? चांगल्या आणि वाईट वंगणात दोन-चार वॅटचा फरक सहज पडतो. तासभर १८० वॅट काढणाऱ्या माणसाचे ३ वॅट चेननेच खाल्ले, तर चढावर मिनिटभर गेलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी १९९९ साली चेनची कार्यक्षमता मोजली होती. सगळ्यात वाईट परिस्थितीत ८१ टक्के, सगळ्यात चांगल्या परिस्थितीत ९८.६. चक्र जितकं मोठं आणि चेन जितकी ताठ, तितका तोटा कमी. हे सरळ आहे. १० दात्यांच्या चक्रावर प्रत्येक सांध्याला ३६ अंशात वळावं लागतं, २० दात्यांच्या चक्रावर फक्त १८. गंमत म्हणजे त्यांना वंगणाने फारसा फरक पडलेला दिसला नव्हता, आणि "तेल नाही घातलं तरी चालतं" म्हणणारे आळशी लोक अजून त्याचा दाखला देतात. त्यांना एवढंच सांगायचं, की प्रयोगशाळेत चिखल नव्हता.

चिखलाचं आपल्याकडे काय विचारता! देशावरची काळी माती ओली झाली की मळलेल्या कणकेसारखी चिकटते आणि बारीक खडी आपल्या पोटात धरून ठेवते. त्यात गारगोटीचे कण असतील तर ते कडक केलेल्या पोलादालाही ओरखडतात. कोकणात उतरलात तर जांभ्याची लाल धूळ, आणि किनाऱ्यावरून हौसेने चालवलीत तर वाळू अधिक मीठ. तेल आणि ही माती मिळून सांध्यात जे बनतं त्याला वंगण म्हणत नाहीत, पॉलिश पेपर म्हणतात. एका भर पावसातल्या राइडमध्ये चेनचं आयुष्य जितकं जातं तितकं कोरड्या डांबरी रस्त्यावरच्या कित्येक राइडमध्ये जात नाही.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या बाबांच्या सायकलची चेन वीस वर्षं चालली." माझ्याही बाबांची चालली. शेवटपर्यंत तिला दोन थेंब शिलाई मशीनचं तेल सोडून काही मिळालं नाही. पण ती चेन बंद डब्यात राहायची! पूर्ण चेनकव्हर, ना चिखल, ना ऊन. एकच गिअर, म्हणून ती कायम सरळ रेषेत पळायची, आणि मागचं चक्रही बऱ्यापैकी मोठं. शिवाय तिच्या आत पिनेभोवती वेगळं बुश असायचं, म्हणजे भार पेलायला पृष्ठभाग जास्त. गिअरच्या चेनमधून ते बुश गेलं. सेदिस नावाच्या फ्रेंच कंपनीने आतल्या पट्टीचंच तोंड वळवून बुशाचं काम भागवलं. चेन त्यामुळे आडवी वाकायला लागली, गिअर झटकन पडायला लागले, तेल आत शिरणंही सोपं झालं. आता तेल शिरतं तिथून मातीही शिरते, त्याला इलाज नाही. (सेदिस पुढे जर्मनीच्या झाक्सकडे गेली आणि १९९७ साली झाक्सचा सायकल विभाग स्रॅमने घेतला. वर जिचं कौतुक केलं त्या ईगल चेनच्या घराण्याची ही कुळकथा.) बाबांची चेन टिकली ती जड होती म्हणून नव्हे, झाकलेली होती म्हणून.

ऑफिसमधली एक मुलगी पुढच्या जुलैत मनाली ते लेह सायकलने जाणार आहे. मित्राच्या टाक्यांची बातमी तिच्यापर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रश्न आला.

"दादा, मी पोकळ पिनवाली चेन घेऊन ठेवली आहे. आता ती परत करून जाड, भरीव घेऊ का?"

"कुठली आहे?"

तिने फोनवर फोटो दाखवला. कठीण क्रोमवाली होती.

"ठेव. पण कुणालाही पिन ढकलू देऊ नकोस."

"आणि महाग घेतली हे चुकलं का?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. समजा साधी चेन दोन हजारांची आणि ती आपल्या मातीत १५०० किलोमीटर चालते, आणि ही पाच हजारांची ४००० चालते. किलोमीटरमागे पहिली एक रुपया तेहतीस पैसे, दुसरी सव्वा रुपया. जवळपास बरोबरी. पण दर वेळी चेन बदलायला उशीर झाला तर कॅसेटचे आठ-दहा हजार त्यात मिळवा, मग सावकाश झिजणारी चेन स्वस्त पडते. उलट, दुसऱ्याच दिवशी डिरेलरमध्ये काटकी अडकून चेन पिळली गेली तर पाच हजार एका क्षणात गेले, आणि माउंटन बाइकवर काटक्या अडकतातच. माझा स्वतःचा तोडगा असा आहे: कठीण पिनेची मधल्या किमतीची चेन घ्यायची, तिच्याच मालिकेतली आणखी वीस ग्रॅम हलकी घेण्यासाठी एक रुपयाही जास्त मोजायचा नाही, आणि कॅसेट नवी असतानाच दोन चेन आलटून पालटून वापरायच्या.

मोजायला महागडं हत्यार लागत नाही. स्टीलची बारा इंची पट्टी चालते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यायला हवी. ती एक सोळांश इंच पुढे गेली की अर्धा टक्का झाला, बारा गिअरवाल्यांनी चेन बदलावी. बाजारात मिळणाऱ्या काही मापकांत रोलरची ढिलाईही धरली जाते, त्यामुळे ती चेनला जरा लवकरच म्हातारी ठरवतात. पट्टी खोटं बोलत नाही.

वंगणाबद्दल भांडणं पुष्कळ आहेत, त्यात पडत नाही. कोरड्या दिवसांत मी पॅराफिनचं मेण वितळवून त्यात चेन बुडवतो. आधी रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनने दोनदा-तीनदा धुऊन कारखान्यातलं ग्रीस पूर्ण काढायचं, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून त्यात मेण वितळवायचं. (त्यासाठी पातेलं वेगळं विकत आणा. घरातलं घेतलंत तर पुढच्या परिणामांना हा ब्लॉग जबाबदार नाही.) मेण सुकलं की त्याला धूळ चिकटत नाही, ही त्याची सगळी जादू. पावसात मात्र ते धुऊन जातं आणि रात्रीतून गंज धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर घट्ट तेल, आणि प्रत्येक राइडनंतर चेन पुसून कोरडी करायची. कंटाळा येतो, पण तीस ग्रॅमांपेक्षा हे दहा मिनिटांचं काम जास्त देऊन जातं.

लेहवालीला शेवटी यादी दिली ती एवढीच: बारा गिअरच्याच मापाच्या क्विक लिंकच्या दोन जोड्या, जुन्या चेनचा सहा कड्यांचा तुकडा, लहान चेन ब्रेकर, चिंधी आणि तेलाची छोटी बाटली. सगळं मिळून भरलं अडीचशे ग्रॅम. चेन हलकी घेऊन वाचवलेल्या वजनाच्या आठपट. ती हसली, आणि डिरेलरच्या चाकांना दोन थेंब तेल लागतं का ते विचारायला लागली.